भिंगरीचा पाय

त्याला घरीदारी सगळे भिंगरी म्हणायचे, आणि उगाच नाही. बसला की उजवा पाय सुरू. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा टेबल हलवून त्यांचा चहा सांडला, तरी मुलगी म्हणाली, हाच! तेव्हापासून तीच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून एक शब्द म्हणायची, "पाय." की पाय थांबायचा. दुसरा इलाज जगात नव्हता.

आणि असल्या माणसाला नोकरी कसली, तर पाणथळीवर लोकांना फिरवून पक्षी दाखवायची! चालायचं नि बोलायचं, एवढं त्याला झकास जमे. घोडं पेंड खायचं ते शेवटी, लपणात. लपण म्हणजे पाण्यावर तरंगणारी फळ्यांची खोली. आत बाक, समोर बघायला फटी. आत कुणी नुसतं चुळबुळलं तरी खोली हलते, पाण्यावर वलयं जातात आणि पक्षी पोबारा करतात.

त्या दिवशी तर त्याचा जीव थाऱ्यावरच नव्हता. बायकोच्या काखेत गाठ आली होती. त्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता आणि निकाल आज सकाळी कळायचा होता. तो सोबत निघाला तर तिनं दारातच अडवलं.

"तुम्ही आलात तर डॉक्टरांनाच गोळी घ्यावी लागेल. येरझारा घालून घालून फरशी झिजवाल तिथली. जा, पक्षी दाखवा. मी कळवते."

कळवते! कशावर? फिरताना फोन न्यायचा नाही, सगळ्यांचे फोन फाटकावरच्या टोपलीत, गाइडचासुद्धा. शेवटी त्यानं फाटकावरच्या मावशींना गळ घातली, "माझा फोन वाजला की तुमची लाल छत्री उघडा. लपणातून दिसेल मला." मावशी हो म्हणाल्या. निम्म्या वाटेवर त्याच्या डोक्यात उजेड पडला. छत्रीवरून फोन आला एवढंच कळणार. बातमी बरी की वाईट, ते कुठं ठरलंय? हात्तिच्या! पण गटाला सोडून मागं फिरता येत नाही.

गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. उभा जन्म वर्ग गप्प करण्यात गेलेला. त्यांना टिबुकलीची पिल्लं बघायची होती, आईच्या पाठीवर बसून पाण्यात फिरतात ती.

"पिल्लं दिसल्याशिवाय मी इथून हलायची नाही," त्यांनी बाकावर बसता बसता जाहीर केलं.

समोर टिबुकलीचं तरंगतं घरटं होतं, पण रिकामं. भिंगरीची नजर पलीकडच्या फाटकावर. छत्री मिटलेलीच. पाय सुरू झाला आणि वलयं निघाली ती थेट घरट्यापर्यंत.

"गाइड, पाय!" बाई कुजबुजल्या. कुजबुज कसली, दटावणीच ती.

त्यानं पायावर पाय टाकला, तर वरचा हलायला लागला. दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, तर दुसरा सुरू. डॉक्टर काय म्हणाले असतील? एकटीच बसली असेल का ती? एरवी आपण तिचं एक ऐकत नाही, आणि नेमकं आज ऐकलं! स्वतःचा असा राग आला त्याला की डोळेच भरून आले.

तेवढ्यात लव्हाळ्यातून टिबुकली बाहेर आली. पाठीवरच्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांची इवली डोकी वर निघाली. बाईंनी हर्षानं तोंडावर हात दाबला. आणि तिकडे लाल छत्री उघडली.

आता उठावं तर लोक एकटे पडतात, बसावं तर जीव राहत नाही. तोच छत्रीखालून कुणीतरी निघून फळ्यांच्या वाटेनं येताना दिसलं. ती भरभर चाल त्यानं लांबूनच ओळखली. फोन नव्हेच, बायको स्वतःच आली होती.

ती आत आली, त्याच्या शेजारी टेकली.

"काय म्हणाले?" त्यानं नुसते ओठ हलवले.

"सांगते हो नंतर. आधी पिल्लं तर बघू द्या," ती हळूच म्हणाली आणि हसली.

हसली! म्हणजे ठीक आहे सगळं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणी न सांगता त्याचा पाय जन्मात पहिल्यांदा आपणहून थांबला. किती गोजिरवाणी आहेत की पिल्लं, असं त्याच्या मनात आलं.

आणि खोली हलली. वलयं निघाली. पिल्लं आईच्या पिसांत गडप झाली.

"अहो गाइड! किती वेळा सांगायचं? पाय!"

त्यानं खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय फळीवर ठोकल्यासारखे स्थिर होते. हलत होती ती शेजारची निळी चप्पल. इतक्या वर्षांच्या संसारात तो पाय त्यानं कधी हलताना पाहिला नव्हता.

आता तिला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती अजून समोरच बघत होती, तेच हसू तोंडावर धरून. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माफ करा, बाई," तो म्हणाला. "माझाच पाय. जुनी खोड आहे."

पाय काही थांबला नाही. त्यानंही हात काढला नाही.