तीन पांढऱ्या रेघांची कांडी

मित्रांनो, मी काळ्या कातळाची एक जुनी कांडी आहे. वयानं तुमच्या साऱ्या खानदानाहून मोठी, तेव्हा चुळबुळ न करता ऐका.

माझा जन्म आगीत झाला. भुई फाटली, उकळता रस उसळला आणि वाटेत आलं ते जाळत सुटला. तो थिजला, ती मी. पुढं भुईनं असे हिसके दिले की माझं अंग तीन ठिकाणी तडकलं. त्या चिरांत पांढरा क्षार भरला, जखमा बुजल्या आणि मी खोल अंधारात निवांत पडून राहिले.

मग देवगाव फाट्याजवळच्या माळावर यंत्र आलं. कारखान्यांच्या धुराड्यांतला कार्बन वायू आमच्या पोटात कायमचा कोंडता येईल का, हे विद्यापीठ आणि एक कंपनी मिळून तपासत होती. हिऱ्याच्या दातांची नळी गरगरत आली. तिनं चहूबाजूंनी मला ओरबाडून काढलं, कडकन मोडलं आणि वर ओढलं. माझ्या काही शेजारणींचा वाटेतच चुरा झाला. उरलेल्यांना पत्र्याच्या पेटीत निजवून अंगावर नंबर घातले.

तिथं गुरं घेऊन आलेल्या महादेवी म्हातारीनं मला पाहिलं. गोल काळं अंग आणि त्यावर तीन पांढरे पट्टे, जणू भस्मच लावलेलं!

"आगं माय, माजा शंभू निघाला की भुईतून!" म्हणत तिनं मला पदरात घेतलं आणि घरी नेऊन देव्हाऱ्यात बसवलं. मी बाई, आणि ही मला महादेव म्हणते! पण खोटं कशाला बोलू? दूध, बेल, कापूर, सगळं मला आवडलं. गाव पाया पडायला लागलं. माझा तोरा वाढला.

पेटीतली रिकामी जागा पाहून विद्यापीठातली संशोधक राजेश्री शोधत आली. सोबत कंपनीचा परमेश्वर साहेब होता.

राजेश्री म्हणाली, "आजी, हा देव नाही, आमचा नमुना आहे. या रेघा म्हणजे बुजलेल्या चिरा. वायूच्या दाबानं त्या उघडल्या, तर तो तुमच्या विहिरींत चढेल. तपासावंच लागेल."

"तपासायचं म्हंजी काय करतीस?"

"दाबून बघणार. फुटेपर्यंत."

"तुज्या बापाला दाब फुटस्तोवर!"

परमेश्वर हसला. "राहू द्या ना मॅडम. शेजारचा तुकडा अखंड आहे, तोच तपासू. कातळ उत्तम म्हणून कळवून टाकू. आजींचा देव आजींना."

"आणि यांच्या विहिरी?" म्हणत राजेश्रीनं माझ्यावर हात ठेवला.

म्हातारीचा लेक चंद्रप्पा भडकला. "आमच्या देवाला हात लावायलीस?" त्यानं काठी हाणली. तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा तडाखा कपाळावर बसला. गरम रक्त माझ्या रेघांवरून ओघळलं, पण पोरीनं मला सोडलं नाही.

महादेवीनं काठी हिसकावली आणि लेकाच्याच पाठीत घातली. "मुडद्या, लेकीबाळीला मारतूस? देव हाय म्हणून कुणाला बी मारशील?" मग ती साहेबाकडं वळली. "आन् तू रं? मला देव देऊन माजी इहीर नासवायलास व्हय? चल पोरी, आधी दवाखान्यात. मंग ह्याला माज्या डोळ्याम्होरं फोड."

परभणीच्या प्रयोगशाळेत मला पोलादी जबड्यात घातलं. आत वायू सोडला, दाब चढत गेला. माझी कड चुरली, पोट आत दबलं. मी तग धरला, मित्रांनो, कातळाची जात आहे माझी! पण वायू त्या पांढऱ्या रेघांत घुसला. पहिली उघडली, मग दुसरी, आणि तिसरीसरशी धाडकन आवाज होऊन माझ्या ठिकऱ्या उडाल्या. महादेवीनं कानांवर हात धरले, डोळे मात्र मिटले नाहीत.

भंगलेला देव घरात ठेवत नाहीत. येलदरी धरणाच्या पाण्यात सोडायला म्हणून ती मला पदरात वेचू लागली. तेवढ्यात परमेश्वरला फोनवर बोलताना तिनं ऐकलं, "एकच तुकडा कच्चा निघाला. म्हातारी तो बुडवायला नेतेय. मग काय, मोकळं रान."

म्हातारी थांबली. एकेक ठिकरी तिनं पुन्हा टेबलावर ठेवली.

"न्हाई बुडवायची मी. पोरी, ठिव तुज्या पेटीत. कुणी आमची भुई चांगली हाय म्हणलं, की ह्याचं फुटकं तोंड दाव."

राजेश्रीनं तेच केलं. कंपनीला माळावरचं ते भोक सिमेंटनं बुजवावं लागलं. विहिरी अजून गोड आहेत.

मला आता कोणी फूल वाहत नाही, पाया पडत नाही. नकोच. मित्रांनो, तुमच्या गावच्या भुईबद्दल कोणी छाती ठोकून बोलायला लागलं, तर त्याला माझ्याकडं घेऊन या. आणि त्याच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याला माझ्या चिरेत बोट घालायला लावा.