मागच्या सीटवरचे पाय

"मले नाई वाजत थंडी. तू घे वं माय."

आईचा हा आवाज मी पाच-सहा वर्षांची असताना ऐकलेला. दारव्ह्याचं घर, वर टिनाचं छप्पर, पौषातली पहाट. घरात जाड अशी वाकळ एकच होती. ती सगळीच्या सगळी माझ्या अंगावर यायची आणि आई खाटेच्या कडेला, पाय लुगड्याच्या पदरात गुंडाळून बसायची. मला पुन्हा झोप लागावी म्हणून हलक्या आवाजात म्हणायची,

थंडी बसली दारात, तिले पाट मी टाकते
लेक निजली कुशीत, वर वाकय झाकते

थंडीलासुद्धा पाहुणीसारखा पाट देणारी ती बाई. तिला थंडी वाजत नाही, हे मला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं. काही जणांना शीळ घालता येत नाही, तशी काही जणांना थंडी वाजत नसेल.

पुढे शिकले, कॉम्प्युटरच्या लाटेत पुण्याला आले, कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. त्या डिसेंबरात आई माझ्याकडे आली ती येतानाच परतीचं तिकीट काढून. रविवारच्या गाडीचं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दारव्ह्याच्या घरात ती एकटीच होती. मी म्हणायचे, इथंच राहा. ती म्हणायची, तिथं मले काय कमी हाये. तिला खरंच जायचं होतं, की लेकीच्या घरात आपली अडचण नको म्हणून ती निघाली होती, एवढंच मला रविवारच्या आत कळायला हवं होतं. विचारून ते कळणार नव्हतं. भाजी वाढू का विचारलं तरी जिचं पोट भरलेलंच असतं, तिला काय विचारणार?

माझं काम तेव्हा एका गाडीच्या हीटरवर चाललं होतं. ऐकणाऱ्याला हसू यायचं. पुण्यात हीटर कशाला? पण गाडी पुण्यासाठी नव्हतीच. ती जायची होती दूर, बर्फाच्या मुलखात. आणि ती हायब्रिड होती, म्हणजे तिला पेट्रोलचं इंजिन होतं आणि शिवाय बॅटरीवर फिरणारी मोटार. सिग्नलला, उताराला, हळू चालताना इंजिन गप्प बसायचं, मोटार गाडी ओढायची, पेट्रोल वाचायचं. घोळ होता तो उबेचा. हीटरची ऊब येते इंजिनाभोवती फिरणाऱ्या गरम पाण्यातून. इंजिन निजलं की पाणी निवायला लागतं, आणि पाणी निवलं की हीटरमधून नुसता वारा येतो. बरं, उबेसाठी इंजिन जागंच ठेवावं, तर पेट्रोल जळतं आणि मग हायब्रिड घेतली कशाला असं गिऱ्हाईक विचारतं. इंजिनाला कधी निजवायचं आणि कधी उठवायचं, तो नियम मी लिहिला होता. तान्ह्या लेकराच्या वेळा सांभाळाव्यात तशा मी त्याच्या वेळा सांभाळत होते.

येरवड्याच्या पुढे आमची एक शेड होती, तिच्या पोटात एक बंद खोली. गाडी आत लोटायची, दार लावायचं आणि उणे पंधरापर्यंत थंडी सोडायची. आम्ही तिला फ्रीज म्हणायचो. गाडीची चाकं खाली लाटण्यांसारख्या गोल रुळांवर जागच्या जागी फिरत, म्हणून गाडी धावायची खूप, जायची कुठेच नाही. आत जागोजागी तापमान मोजणारे सेन्सर चिकटवलेले असत आणि त्यांच्या मते माझा नियम उत्तम चालला होता.

माझी बॉस हेमा केतकर नारायण पेठेतली. तिचा सेन्सरवर विश्वास होता, पण पुरता नाही. ही गाडी घेणारे बहुतेक निवृत्त लोक असणार, तेव्हा म्हातारी माणसं बसवून बघू, असं तिनं काढलं. ती तिच्या वडिलांना आणणार, मी आईला. आईला म्हटलं, माझ्या गाडीत बसायला येतेस का? ती लगेच हो म्हणाली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

हेमाचे वडील म्हणजे बाळकाका. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेले. त्या मंगळवारी शेडच्या दारात त्यांनी पाटी वाचली, वॉचमनला तिच्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि मग आईला नमस्कार केला. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. तेवढ्यातही आमची पुण्याची मंडळी कानाला मफलर बांधून फिरत होती.

हेमा स्टिअरिंगवर बसली. पुढच्या सीटवर आईनं बाळकाकांना बसवलं. मोठ्या माणसानं पुढं बसावं, म्हणाली. ती स्वतः मागे. मी काचेबाहेर, कॉम्प्युटरपाशी, आतलं बोलणं ऐकत. दर पाच मिनिटांनी घंटा वाजायची आणि दोघांनी आपापल्या कार्डावर उबेला दहापैकी मार्क द्यायचे, एवढंच काम.

पहिल्याच घंटेला बाळकाकांनी विचारलं, "हेमे, हा हीटर आहे की आश्वासन?" आणि चार मार्क लिहिले. मग तीन. मग दोन. मग पुन्हा तीन. मागून आईचे दहा, दहा, दहा, दहा.

बाहेर आल्यावर हेमानं सरासरी काढली. साडेसहा. सेन्सरही ऊब पुरेशी असल्याचंच सांगत होते. ती खूश झाली. बाबांना काहीच आवडत नाही, यमुनाबाईंना, म्हणजे माझ्या आईला, सगळंच आवडतं, दोघं मिळून बरोबर येतं, रिपोर्ट पाठवून देऊ, असं तिचं म्हणणं पडलं.

मी मान डोलावली आणि आईला शोधायला गेले. ती शेडच्या पायरीवर उन्हात बसली होती. पाय जवळ घेतलेले आणि लुगड्याच्या पदरात गुंडाळलेले.

तशीच. अगदी तशीच.

मी खाली बसले आणि पदराखाली हात घातला. तिची बोटं माठासारखी गार होती. थंडी वाजली का विचारलं, तर म्हणाली, नाई वं. मग दहा-दहा मार्क का दिलेस, असं जरा चिडूनच विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडगळ बोलले.

"तुह्या परीक्षेत मी मार्क कापू का?"

एवढे दिवस ती हेच समजत होती. मोठ्या शेडमध्ये लेकीची परीक्षा आहे, साहेबीणबाई पुढे बसली आहे आणि आपल्या हातात मार्क आहेत. कोणती आई नऊ देईल?

बाळकाका मागेच उभे होते. ते आईच्या शेजारी पायरीवर टेकले. इतका मऊ आवाज त्यांचा असू शकतो, हे हेमालाही ठाऊक नसावं.

"यमुनाबाई, हे मार्क तुमच्या मुलीला नाहीत, त्या यंत्राला आहेत. मी जन्मभर मार्क कापले ते पोरांवर राग म्हणून नाही, कुठे चुकलं ते त्यांना कळावं म्हणून. तुम्ही दहा द्याल, ही मंडळी गाडी पाठवून मोकळी होतील. आणि तिकडे बर्फात तुमच्याच वयाची कुणी बाई मागे बसेल आणि तुमच्या दहा मार्कांत तासभर कुडकुडेल."

स्वतःसाठी आईनं कधी तोंड उघडलं नव्हतं. पण ही दुसरी बाई, कुठल्या कुठल्या बर्फातली, ती तिच्या डोळ्यांपुढे आली असणार. तिनं हात पुढे केला आणि कार्ड परत मागितलं. सगळे दहा एकेक करून खोडले आणि वर लिहिलं, सहा, चार, दोन, एक.

"पयले बरं होतं," ती म्हणाली. "मंग इंजिन गप झालं. छातीले लागे ऊब, पण पायाखालची निंघून गेली. पुढं भाऊले भेटत असंन थोडी. मागं नाई पोचली."

बाळकाकांनी कार्ड हातात घेऊन चष्मा वर केला. "एक? माझ्यावर ताण केलीत तुम्ही."

मी हसत होते आणि डोळे पुसत होते. पस्तिशीला आले होते आणि पहिल्यांदाच आईच्या तोंडून तक्रार ऐकत होते. लेकराचा पहिला शब्द ऐकून आयांना काय होत असेल, ते मला त्या पायरीवर समजलं.

हेमाला सांगितलं, मागच्या पायांपाशी आपला एकही सेन्सर नाही. ती जागची उठली आणि स्वतः गाडीत जाऊन बघून आली. खरंच नव्हता. पायाचा एक होता, तो ड्रायव्हरच्या बुटापाशी, हीटरच्या अगदी तोंडाशी. त्याला काय, तो कायम सुखात. माझा नियम त्याचं ऐकून इंजिनाला निजवत होता.

पुढचे दोन दिवस मी घरी फक्त जेवायला जात होते. मागे खाली नवा सेन्सर चिकटवला. मागचे पाय उबेत आल्याशिवाय इंजिनानं डोळा मिटायचा नाही, पाणी कोमट व्हायच्या आधीच जागं व्हायचं, आणि वारा आधी मागे, सीटखालून सोडायचा, असा नियम बदलला. लिटरमागे जवळपास एक किलोमीटर कमी झाला. हेमा त्या आकड्याकडे बघून कुरकुरली, मग म्हणाली, जाऊ दे, पायाखाली घालू तो किलोमीटर.

घरी आई रोज पोळ्या लाटता लाटता विचारायची, पोचली का वं मागं? तिची बॅग मात्र पलंगाखाली भरून तयार होती. मी तिच्याकडे न बघता सांगायचे, पोचेल.

शुक्रवारी पुन्हा फ्रीज, पुन्हा उणे पंधरा. बाळकाकांनी या वेळी मागे बसायचा हट्ट धरला. आईनं ऐकलं नाही. ती जागा तिची होती. घंटा वाजू लागल्या. आईचे सहा, सात, आठ. बाळकाकांचे चार, पाच, पाच. मग इंजिन गप्प झालं आणि मी काचेबाहेर मागच्या पायांपाशीच्या तापमानाच्या आकड्यावर डोळे लावून बसले. आकडा जरा खाली आला, थांबला, आणि पडायच्या आत इंजिन जागं झालं. त्याच्या गुणगुणण्यात आतून दुसरी एक गुणगुण मिसळली. स्पीकरमध्ये कान घातला.

माह्या लेकीची ही गाडी, तिच्या पोटात शेगडी
दूर बर्फाच्या गावाले, नको कोणाले घोंगडी

ही ओवी मी आधी कधी ऐकली नव्हती. ऐकणार कशी? तिथंच, मागच्या सीटवर जुळलेली होती ती.

शेवटची घंटा झाली. बाळकाकांनी सहा लिहिले. बाबांनी मला घरी पेपर तपासताना कधी सहा दिले नव्हते, असं हेमा म्हणाली, तर ते म्हणाले, तू कधी इतकी ऊब दिली नव्हतीस. शेडमधले सगळे हसले. हेमा उतरली, काका उतरले. आई उतरेना.

मी जाड कोट चढवून आत गेले आणि तिच्या शेजारी बसून दार ओढून घेतलं. काचांवर बाहेरून पांढरी नक्षी धरली होती. खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. ऊबदार होते, चुलीपुढून उठल्यासारखे. तिच्या मांडीवर कार्ड होतं, त्यावर शेवटचा आकडा दहा.

"लेकीची परीक्षा म्हणून?" मी विचारलं.

"खरे हायेत," ती म्हणाली.

मग मी काही विचारलं नाही. भाजी वाढू का म्हटलं नाही. नुसती बसून राहिले. इंजिन एकदा निजलं, एकदा उठलं. आईनं पदर सारखा केला, कार्ड माझ्या हातात दिलं, आणि समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत बोलली.

"दीपे, तिथं मले थंडी वाजते वं. तुह्या बाबाले जाऊन दोन वर्षं झाले, रोज वाजते. ते रविवारचं तिकीट वापस कर. मले तुह्यापाशीच राह्याचं हाये."