दोन बोटांची फट

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मी गंजलो असलो तरी माझा दरवाजा अजून कुणाचीही बोटं चेचू शकतो. मी बिबटे पकडायचा एक जुना पिंजरा आहे. वनखात्याच्या गोदामामागे पडून असतो. हल्ली माझ्यात फाटके टायर ठेवतात. टायर ओरडत नाहीत, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

मला ठिणगी मिस्त्रीने बनवलं. खरं नाव काहीतरी वेगळंच असणार, पण वेल्डिंग करताना तो डोळ्यांपुढे कधी काच धरायचा नाही, म्हणून ठिणगी. तोंडाचा फटकळ, पण कामात एक नंबर. दोन सळयांमध्ये किती फट ठेवायची यावरून त्याची आणि वनरक्षकाची चांगलीच जुंपली. शेवटी त्याने दोन बोटं जोडून फटीत घातली आणि म्हणाला, "बस्स एवढी. पंजा बाहेर आला, तर माझं नाव बदला!" पंजा कधीच बाहेर आला नाही. बाहेरून आत काय येऊ शकतं, याचा विचार मात्र दोघांनीही केला नाही.

माझं काम साधं होतं. मागच्या कप्प्यात कोंबडी ठेवायची. तिच्या वासाने बिबट्या आत शिरला, मधल्या फळीवर त्याचा पाय पडला, की दरवाजा धाडकन खाली. पहिला सापडला तो दांडगा नर होता. त्याने माझ्या सळया चावल्या, कपाळ आपटून आपटून फोडून घेतलं. त्याचा सुळा मोडला तो आवाज मला अजून ऐकू येतो. लोखंडाला भीती वाटत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे.

पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. वर्तमानपत्रात बिबट्या कधी नुसता सापडत नाही, तो जेरबंदच होतो. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढू लागले. एक पकडून लांबच्या रानात नेला, की त्याच्या मोकळ्या जागेत दुसरा यायचा. वनखात्याच्या, जनावरांच्या डॉक्टरीणबाई हे घसा कोरडा होईस्तोवर सांगायच्या. ऐकतो कोण?

मग ती मादी आली. गावाच्या कडेला फळबाग होती. तिथल्या राखणदाराचा धाकटा भाऊ पाटाच्या पाण्यावर वाकला होता, तेवढ्यात तिने त्याच्यावर झेप घेतली. मानेपासून खांद्यापर्यंत सोलून काढलं. तो दवाखान्यात जीव मुठीत धरून पडला आणि मला बागेत आणून ठेवलं. दुसऱ्याच पहाटे ती माझ्यात सापडली.

ऊन वर येईपर्यंत सगळा गाव लोटला. डॉक्टरीणबाई गुंगीचं इंजेक्शन घेऊन आल्या. त्यांनी वाकून तिच्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, हिला दूध आहे! पिल्लं इथेच कुठेतरी असणार. गाडीला वाट द्या. हिला आजच सोडायला हवं!"

त्या गोंगाटात दूध कुणाला ऐकू गेलं नाही. पिल्लंही ऐकू गेली नाहीत. 'सोडायला हवं' तेवढं मात्र सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

"माझा भाऊ तिकडे मरतोय आणि हिला सोडता?" राखणदार किंचाळला. त्याच्या हातात पहार होती.

आधी दगड आले. ते माझ्या सळयांवर आपटून मागे उडाले. मग लोकांच्या हातातले गज आले, काठ्या आल्या, पहार आली. दोन बोटांच्या फटीतून सगळं आरामात आत शिरत होतं. ती डावीकडे सरकली की डावीकडून भोसकायचे, उजवीकडे सरकली की उजवीकडून. तिचा एक डोळा फुटला. रक्ताने फळी निसरडी झाली आणि ती त्यावर घसरून पडू लागली. डॉक्टरीणबाई आडव्या आल्या, तर त्यांच्या डोक्यात काठी बसली. मित्रांनो, मारणारे ते होते, पण तिला धरून ठेवणारा मी होतो. तिला सुटता येत नव्हतं, मला सोडता येत नव्हतं.

शेवटी वनखात्याच्या गाडीचे ड्रायव्हरमामा माझ्या टपावर चढले आणि दरवाजाच्या कडीला त्यांनी हात घातला.

"हाणा! अजून हाणा!" मामा गरजले. "आता दरवाजाच उघडतो. मग समोरासमोर काय ते बघून घ्या!"

काय सांगू! शूरांची अशी काही पांगापांग झाली की अर्ध्या लोकांच्या चपला तिथेच राहिल्या. एकटा राखणदार जागचा हलला नाही. त्याची पहार तिच्या बरगड्यांत रुतली होती. ती धापा टाकत होती. थोड्या वेळाने तेही थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचं रक्त पुसलं, फटीतून दोन बोटं आत घातली आणि हलकेच तिचा सड दाबला. पांढरा थेंब आला. राखणदार बघतच राहिला.

"पिल्लं?" त्याने विचारलं.

"मघापासून काय सांगत होते मी?"

त्याने पहार तशीच सोडली आणि बागेत धावला. बागेचा कोपरा न् कोपरा त्याला ठाऊक होता. संध्याकाळी तो परत आला, तेव्हा सदऱ्यात दोन पिल्लं होती. एकाने त्याच्या मनगटात दात रोवले होते. रक्त गळत होतं, पण त्याने हात काढला नाही.

"मोठी झाली की सोडाल ना यांना?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिकार आई शिकवते. आता यांना कोण शिकवणार? जन्मभर पिंजऱ्यातच."

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. भाऊ जगला त्याचा. पण त्या दिवशी ते कळलं असतं, तरी तो रडलाच असता असं मला वाटतं.

मित्रांनो, बिबट्या दिसला तर कुत्री आत घ्या, कोंबड्या नीट कोंडा, अंधारात एकटे फिरू नका, वाकून काम करताना सोबत ठेवा. हे सगळं कराच. आणि माझ्यासारख्या एखाद्या पिंजऱ्याचा दरवाजा पडल्याचं कानावर आलं, तर बघायला धावू नका. मोबाइल खिशात ठेवा, घरी बसा, आणि पिंजऱ्याला न् आतल्या बिबट्याला, आम्हा दोघांना, वाट द्या.