खैरटोल्याची चौथी भिंत

"गुर्जी, ओ गुर्जी! माह्या पोरीचं गनित बकरीनं चाटलं, तुमी काय डोये मिटून जप करून राहिले?"

रुखमा हातात धान कापायचा इळा घेऊन शाळेत शिरली तवा टेकचंद गुर्जी खुर्चीत पेंगत होते. शिरली म्हणजे दारातून नाही. दाराची आमच्या खैरटोल्यात कोणाले गरजच नव्हती. शाळेले भिंती होत्या तीन. चौथी बाजू सताड उघडी. समोर गावाचं पटांगण, त्याच्या पलीकडे धानाच्या बांध्या, अन् तिकडून येणारा दिवाळीनंतरचा गार वारा सरळ चौथ्या वर्गाच्या कानात. कुत्री यायची, बकऱ्या यायच्या. एक म्हैस तं रोज येऊन बसे. हजेरी तिची पोट्ट्यापेक्षा बरी होती.

"बाई, मी एकटा मानूस," गुर्जी डोळे चोळत म्हणाले. "चार वर्ग शिकवू का बकऱ्या हाकलू?"

"दोन्हीतलं एक तं करा! मागच्या साली चौथीचा एक पोट्टा पास झाला नाही. बकऱ्या तेवढ्या गब्रू झाल्या."

रुखमाची पोरगी पंचफुला चाटलेली पाटी घेऊन खाली मान घालून बसली होती. रुखमाले नवरा नव्हता. भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, सांगून ठेवलं होतं, पोरगी चौथी पास झाली तं पुढचं पाहू, नाही तं म्हशीमागं धाडीन. म्हशी त्यानं आधीच मोजून ठेवल्या होत्या.

आता भिंत काहून नव्हती, ते ऐका.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, अन् पाहुण्याले नाटक नाही दाखवलं तं गावाचं नाक जाते. शाळा बांधायचा पैसा आला तवा शाळा समितीचा अध्यक्ष होता गोपीचंद. अन् नाटकातला राजाही गोपीचंदच. त्यानं मिस्त्रीले सांगितलं, "समोरची बाजू राहू दे मोकळी. भिंत उठली तं नाटक दिसंल कोनाले?" पुढं भिंतीसाठी म्हणून वेगळा पैसा आला. त्या पैशाचे तीन पडदे आले. एक राजवाड्याचा, एक जंगलाचा, एक तुरुंगाचा. वरून एक वाजवायची पेटी. गावातल्या कोणी ब्र काढला नाही, कारण नाटक सगळ्यांनाच पाहायचं होतं.

नाटकाची तालीमही शाळेतच, भर दुपारी. राजाले पाठांतराचं वावडं. गोपीचंद अडला का मिशीले पीळ द्यायचा, अन् पडद्यामागून गोमाजी वाक्य पुरवायचा. गोमाजी आमचा प्रॉम्टर. मानूस गरीब, पण एक खोड. स्टेजवर कोणी गप्प राहिलं तं त्याच्या पोटात कळ यायची. तो पुरवे, राजा गर्जे, अन् कोपऱ्यात बसलेले चारही वर्ग ते वाक्य सुरात म्हणत. पोट्ट्याले पाढे येत नव्हते, पण "प्रधानजी, कैद करा याला" सगळ्यांना तोंडपाठ.

रुखमा गुर्जीवर अजून एक फैर झाडणार, तेवढ्यात गोपीचंद पटांगणातून धापा टाकत आला.

"गुर्जी, घात झाला! त्या भैय्यालालनं भिंत नाही मनून अर्ज केला. उद्या साहेब येऊन राहिला तपासनीले."

भैय्यालाल म्हणजे चुलबंद नदीच्या पलीकडच्या बेलटेकडीचा सरपंच. खैरटोल्याची शाळा उचलून बेलटेकडीत न्यायची, हा त्याचा नाद. मधात नदी, नदीवर पूल नाही. पावसाळ्यात पलीकडे जायचं तं कावळ्याच्या पाठीवर बसून जा.

"शाळा नदीपार गेली तं माही पोरगी म्हशीमागं गेली समज," रुखमा म्हणाली. "गोपीचंद, तुह्या मिश्या उपटून हातात देईन."

"उपट बाई, पन उद्या नको. उद्या कोंबडी दे. साहेबाले जेवू घाला लागते."

"माही कोंबडी? तुह्या घरी काय रोग आला?"

"माह्याकडच्या अंड्यावर बसल्या हायेत. शाळेसाठी दे ना वो!"

रुखमानं शिव्या आधी दिल्या, मंग कोंबडी दिली.

भिंत एका रातीत उठत नाही. म्हणून गोपीचंदनं उघड्या बाजूले पडदा टांगायचं ठरवलं. राजवाडा शाळेले शोभला नसता, जंगल तं बाहेर होतंच. उरला तुरुंग. दगडी भिंत, वर गजांची खिडकी, खिडकीत एक कैदी रडून राहिला. अन् पडद्यामागं गोमाजी उभा करायचा. साहेबानं विचारलं का त्यानं पुरवायचं, पोट्ट्यांनी सुरात म्हणायचं. सवयच होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. आधी गोपीचंदच्या घरी जेवले. कोंबडी सगळी संपली, रस्सा वाटीनं पिले, अन् मंग शाळेत येऊन खुर्चीत असे बसले का आता उठणं पुढच्या जन्मी. शेजारी भैय्यालाल, धुतलेलं धोतर नेसून, बारशाले आल्यावाणी खुश.

"ही चौथी भिंत का?" साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "यात हा माणूस का रडतो आहे?"

"थंडी लागते जी पोट्ट्याले, मनून भिंतीवर पडदा टाकला," गोपीचंद हात जोडून म्हणाला. "भिंत मागं हाये."

"मागं बकरी बोलून राहिली," भैय्यालाल म्हणाला.

"भिंतीच्या मागं बकरी. तुले का बकरीचा बी अर्ज कराचा हाये?"

साहेबांनी ढेकर दिला. "असो. मुलांनो, सात पंचे?"

पडद्यातून बारीक आवाज आला. पोट्टे एका सुरात ओरडले, "पस्तीस!"

"शाबास. भंडाऱ्याजवळून कोणती नदी वाहते?"

"वैनगंगा!"

साहेबांच्या भुवया वर चढल्या. पंचफुला तं इतक्या जोरात बोलत होती का गुर्जी दचकले. त्यांना पहिल्यांदा कळलं का या पोरीले आवाज हाये. भिंतीशी उभ्या रुखमानं डोळ्याले पदर लावला. बेलटेकडीची शाळा भैय्यालालच्या डोळ्यादेखत नदीत वाहून चालली होती.

तो ताडकन उठला. "साहेब, पोट्ट्याले काय विचारता? अध्यक्षाले विचारा! भिंतीचा पैसा आला होता, त्याचं काय केलं?"

"हो, सांगा," साहेब म्हणाले. "भिंतीच्या पैशाचं काय केलंत?"

गोपीचंद उभा राहिला. तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं.

साहेब पाहून राहिले, भैय्यालाल पाहून राहिला. घाबरलेल्या माणसाचा हात आपल्या सवयीच्या जागी जाते. गोपीचंदचा गेला मिशीवर. पीळ दिला.

आता पडद्यामागं गोमाजीची काय दशा झाली असंल ते पाहा. राजा अडला, मिशीले पीळ पडला, अन् हातात पुस्तक नाही. जन्मभर लिहिलेलं वाचणारा माणूस, मनानं खोटं जोडणं त्याले कधी जमलं नाही. जे खरं होतं ते त्यानं पुरवून टाकलं.

अन् गोपीचंदनं छाती पुढं काढली, उजवा हात आभाळाकडे नेला, अन् राजाच्या आवाजात गर्जला,

"भिंतीच्या पैशाचे आम्ही पडदे आणले! राजवाडा आणला, जंगल आणलं, हा तुरुंग आणला! उरल्या पैशात पेटी आणली, अन् ती आमच्या घरी आहे!"

चारही वर्गांनी सुरात म्हटलं, "ती आमच्या घरी आहे!"

बाहेरून टाळ्या पडल्या.

भैय्यालालनं झेप घेऊन पडदा ओढला. बांबू मोडला, तुरुंग गोमाजीसकट खाली आला. अन् समोर अख्खा खैरटोला बसलेला! आमच्याकडे पडदा टांगलेला दिसला का पोत्याचा बोरा टाकून जागा धरायची रीत हाये. लोकांना वाटलं आज नाटक. साहेब आत गेले तवापासून बोरे टाकून, मांडीवर पोरं घेऊन बसले होते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "गोपीचंद, पुन्हा एकडाव! यंदाचा राजा जबर हाये!"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बस! हा पोरखेळ बंद. शाळा बेलटेकडीला जाईल."

"जाईल कशी?"

रुखमा साहेबांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. बांध्यांतून धान कापता कापता आलेल्या बाया तिच्या मागं, सगळ्यांच्या हातात इळे.

"साहेब, दुपारी कोंबडी गोड लागली?"

साहेब गांगरले. "म्हणजे?"

"गोपीचंदची नव्हती ते. माही होती. शाळेसाठी मनून देल्ली. कोंबडी पोटात ठेवता अन् शाळा नदीपार नेता? मंग आदी कोंबडी ठेवा इथं!"

बाया हसल्या, पण इळे खाली झाले नाही. साहेबांचा हात आपसूक पोटावर गेला.

"तसं नाही बाई. नियम आहे. चार भिंती पाहिजेत."

"किती दिस देता?"

"मंडई होऊ द्या," साहेब इळ्यांकडे पाहत म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी येईन. या जागी भिंत दिसली तर शाळा राहील."

जीप गेली अन् रुखमा गोपीचंदकडे वळली. "ऐकलं? भिंत नाही तं मंडई बी नाही. पडदे माह्या घरी जातात."

"बाई, पाहुण्याले निरोप गेले! गावाचं नाक जाईन!"

"जाऊ दे. तुह्या मिश्याले जागा मोठी होईन."

जी भिंत इतक्या सालात उठली नाही, ती मंडईच्या धाकानं उठली. माती तुडवली, विटा थापल्या, गोपीचंदच्या घरची पेटी विकून दार बसवलं, चुना मारला. मंडईच्या दिवशी सकाळी शाळेले चार भिंती झाल्या. गाव पाहायला आलं. गुर्जी दारातून आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. इतकी मजा त्यांना नोकरीत आली नव्हती. पंचफुला भिंतीले पाठ लावून बसली. पहिल्यांदा तिच्या पाटीवर बकरीची सावली नव्हती.

दुपारी पाहुणे आले. अन् मंग गोमाजीनं डोस्क्याले हात लावला. "आता नाटक दिसंल कोनाले?"

तोवर ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नवीन भिंत पाडायची कोणाची छाती नव्हती, रुखमा दारात इळा घेऊन बसली होती. पण शाळेच्या मागं गोपीचंदचं खळं होतं. धान चुरून झालेलं, जमीन शेणानं सारवलेली, पाहुणे बसवायला फर्स्ट क्लास. साहेब "या जागी भिंत" म्हणाले होते. त्या जागेचं त्यांनी काही म्हटलंच नव्हतं.

गावानं मिळून मागची भिंत पाडली. नाटक असं रंगलं का विचारू नका.

सकाळी जीप आली, पटांगणातच थांबली. साहेबांनी दुरून भिंत पाहिली, दार पाहिलं, दारातली रुखमा पाहिली. "झाली ना? झाली!" म्हणाले अन् गाडी वळवली. भैय्यालाल धुळीत मागं धावला, "साहेब, मागून पाहा! एकडाव मागून पाहा!" साहेबांनी काच वर केली.

रुखमा मागं गेली तवा तिथं म्हैस येऊन बसली होती. रुखमानं म्हशीले हाकललं. घरी जाऊन तुरुंगाचा पडदा आणला अन् मागच्या बाजूले खिळे ठोकून असा ताणला का बकरीचं शिंगही आत जाईना. मंग गोमाजीले बसवलं पडद्यासमोर, पाढ्याचं पुस्तक हातात देऊन. तो पुरवे, पोट्टे म्हणत. त्याचं काय, लिहिलेलं असलं का झालं.

पंचफुला त्या साली चौथी पास झाली. ती एकटीच. भासऱ्याले म्हशीमागं स्वतः जावं लागलं.

पुढच्या दिवाळीले गोपीचंद शाळेत आला, मिशी खाली पाडून. "रुखमाबाई, यंदाच्या नाटकात तुरुंगाचा सीन हाये जी. पडदा दे ना एका रातीसाठी."

"तुह्या नाटकाचा कैदी तुह्या घरी ठेव," रुखमा म्हणाली. "ह्या तुरुंगातून पोरगी सुटली माही. बाकीचे पोट्टे अजून आत हायेत."