हिरवी जीटीओ विकली त्या दिवशी

कोरिन व्हेस्टलनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुडघे टेकून खाली डोकावून पाहिलं आणि मग विचारलं, "एवढा जीव लावून उभी केलेली गाडी तुम्ही विकताय कशाला, मिस्टर हुडाक?"

डेल हुडाकनं उत्तर तयार ठेवलं होतं. "वय झालं. गाडीखाली सरपटायचं म्हटलं की कंबर बोंबलते."

ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. खरं कारण त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

गाडी होती १९६८ ची पॉन्टिअॅक जीटीओ, गर्द हिरवी. युनियनटाऊनच्या बाहेर एका शेतातल्या शेडमध्ये ती सापडली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. डेल तेव्हा कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता. पुढची कित्येक वर्षं त्यानं त्या सांगाड्यावर घालवली. बाहेरून गाडी जशी होती तशीच ठेवली, आतून मात्र बदलली: नव्या धर्तीचं इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, हलक्या हातानं वळणारं स्टिअरिंग. शेजारचा म्हातारा चिडवायचा, "ही कसली जीटीओ? नुसतं कातडं उरलंय जुनं." डेल म्हणायचा, "तुझ्या जुन्या ब्रेकवर गाडी थांबायला पुढचं गाव यावं लागतं. माझी इथेच थांबते."

कोरिन व्हर्जिनियातून आली होती. मैत्रिणीनं तिला आपल्या गाडीनं दारापर्यंत आणून सोडलं आणि मैत्रीण पुढे निघून गेली. कोरिन शाळेची बस चालवायची. "दिवसभर माझ्या पाठीमागे पोरं किंचाळत असतात," ती म्हणाली. "मला अशी गाडी हवीय, की जिच्यात आवाज फक्त इंजिनाचा येईल."

लोरेटानं, डेलच्या बायकोनं, तिला कॉफी दिली आणि कोलाची, म्हणजे अक्रोडाचं सारण भरलेली गोड गुंडाळी, खायला घातली. उरलेली पुडीत बांधून दिली. गावात एक चक्कर झाली, कागदांवर सह्या झाल्या. डेलनं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. जीटीओ गुरगुरत उताराला लागली, हॉपवूडच्या चढाकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

"चला," लोरेटा म्हणाली, "आता निदान माझी गाडी गॅरेजात लागेल."

डेल हसला आणि गॅरेज झाडायला गेला.

बाकावरच्या चिंध्या उचलताना त्याच्या हाताला एक पाकीट लागलं. पिवळ्या रंगाचा मार्कर, दुकानातून आणला तसाच, न फोडलेला.

डेलची एक शिस्त होती. कुठलाही महत्त्वाचा बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर तो पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे काम झालं. जुना मार्कर सुकला होता, म्हणून मागच्या आठवड्यात हा नवा आणला होता. तेव्हा त्यानं स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा सोडला होता, शेजारचा एक पाइप बसवायला. सांधा सोडल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं. पाना कुठला घेतला तेही आठवत होतं.

आवळल्याचं आठवत नव्हतं.

 डोळे मिटून त्यानं मनातल्या मनात स्वतःचा हात त्या सांध्यापर्यंत नेऊन पाहिला. पुढे काहीच नव्हतं. सैल सांधा काही मैल धरून राहतो. गावातल्या चकरेत काही कळणार नाही. मग हादऱ्यांनी सरकत सरकत एखाद्या वळणावर सुटतो, आणि हातातलं चाक नुसतं गरगर फिरतं. आणि ती बाई डोंगर ओलांडून कंबरलंडचा उतार उतरणार होती.

"लोरेटा!" त्याचा आवाज इतका चिरका निघाला, की ती हातातली ताटली घेऊनच धावत आली.

कोरिनचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या इंजिनाच्या आवाजात पिशवीतला फोन ऐकू येणारच नव्हता. लोरेटानं पोलिसांना कळवलं. हिरवी गाडी दिसली की थांबवू, असं ते म्हणाले. पण घरात बसून राहणं दोघांनाही शक्य नव्हतं.

"किल्ली इकडे दे," लोरेटा म्हणाली. "गाडी मी चालवते."

तिची छोटी गाडी चढावर धापा टाकू लागली. डोंगरावरची झाडं लाल-पिवळी झाली होती आणि ती बघायला आलेल्या लोकांच्या गाड्या पुढे रमतगमत चालल्या होत्या. लोरेटा कधी नाही ते हॉर्न वाजवत होती. डेल प्रत्येक वळणाला कठड्याकडे बघायचा, कुठे मोडलाय का. खाली दरीत काही हिरवं दिसलं की तो काच खाली करून वाकून बघायचा.

"फोन लावत राहा," ती म्हणाली.

"लावतोय."

"आणि मला हे सांग, तू बोल्ट आवळायला विसरलास असं तुला का वाटतंय? तू दरवाजा लावला की नाही हे तीनदा बघणारा माणूस."

डेलनं फोन मांडीवर ठेवला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "वसंतात मी ब्रेड आणायला गेलो होतो, आठवतं? उशीर झाला म्हणून तू ओरडलीस. मी सांगितलं, जुना मित्र भेटला. कुणी भेटलं नव्हतं, लोरेटा. मी दुकानाबाहेर गाडीत बसून होतो. घर कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेना."

लोरेटाची नजर रस्त्यावरच होती.

"मग तसं आणखी काही वेळा झालं. हातात पाना असायचा आणि तो का घेतलाय ते आठवायचं नाही. म्हणून म्हटलं, माझ्या हातून काही भलतं होण्याआधी ही गाडी जाऊ दे."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"माहीत नाही."

"मूर्ख आहेस तू," ती म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. "मी रोज तुझ्यामागे शेगडी बंद आहे का ते बघते. तू स्वतःहून बोलशील म्हणून वाट बघत होते. मीही मूर्खच."

 तिनं गाडीचा वेग वाढवला.

एडिसन मागे पडलं, मेरीलँडची हद्द लागली. फोन अजून नुसताच वाजत होता. ग्रँट्सव्हिलजवळ एका पेट्रोल पंपावर पाच-सहा म्हातारे घोळका करून उभे दिसले. घोळक्याच्या मधे हिरवं काहीतरी चमकत होतं.

"थांब! थांब!" डेल ओरडला आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरला.

कोरिन बॉनेट उघडून उभी होती, हातात कोलाचीचा तुकडा. तिला बघून डेल धावतच पुढे आला. 

"मिस्टर हुडाक? अहो, काय झालं? या लोकांनी मला सोडलंच नाही! प्रत्येकाला इंजिन बघायचंय."

"पोरी, गाडीला हात लावू नकोस. आधी मला बघू दे."

कुणाकडून तरी टॉर्च आणि पाना घेऊन तो इंजिनावर वाकला. स्टिअरिंगचा दांडा, त्याच्या टोकाचा सांधा. त्यानं बोल्टवर पाना लावला आणि अंगातला सगळा जोर लावला.

बोल्ट जागचा हलला नाही. तो घट्ट होता, आणि त्यावर ठिपका होता. पिवळा नाही, लाल, चकचकीत.

लोरेटानं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "हे माझं नेलपॉलिश आहे," ती हळूच म्हणाली.

मार्कर सुकलाय म्हणून तो कधीतरी घरात गेला असणार, तिच्या आरशापुढची बाटली घेतली असणार, बोल्ट आवळून ठिपका दिला असणार, बाटली जागेवर ठेवली असणार. सगळं व्यवस्थित. आणि त्यातलं काहीही त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

म्हातारे हसायला लागले. "चला, नेलपॉलिश लावलेली जीटीओ!" डेल हसला नाही. सैल बोल्ट सापडला असता तर निदान त्याची आठवण तरी खरी ठरली असती.

त्यानं कोरिनला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. ब्रेडचं, पान्याचं, सगळं. "हा बोल्ट मी आवळलाय, पण आवळल्याचं मला आठवत नाही. मग बाकीच्या बोल्टांचं मी कुठल्या तोंडानं सांगू? तू ही अशी उतारावरून नेऊ नकोस. तुझे पैसे मी परत करतो."

कोरिनचा चेहरा उतरला, मग तापला. "हे तुम्ही सकाळी सांगायला हवं होतं. मी पोरांची बस चालवते. घरून निघताना प्रत्येक चाक तपासते. आणि तुम्ही मला कंबरेची गोष्ट सांगितलीत."

"हो. सांगायला हवं होतं."

तिनं बॉनेट खाली आपटलं. "पैसे नकोत. गाडी मला हवीय. पण इथून ती ट्रकवर चढून जाईल आणि माझ्या ओळखीचा मेकॅनिक एकेक बोल्ट तपासेल. खर्च तुमचा."

"माझाच," डेल म्हणाला.

ट्रक येईपर्यंत तिघं पंपाच्या पायरीवर बसली. कोरिननं उरलेली कोलाची त्यांच्यापुढे केली, पण अजून ती रागावलेलीच होती. जाताना तिनं लोरेटाला मिठी मारली. डेलशी नुसता हात मिळवला.

सोमवारी लोरेटानं डॉक्टरांची वेळ घेतली. त्या आठवड्यात डेल गॅरेजात गेला नाही. स्वयंपाकघरात बसून तो फोनकडे बघत राहायचा. लोरेटा म्हणायची, "बघितल्यानं वाजत नाही तो."

शुक्रवारी फोन वाजला. कोरिन होती.

"सगळं तपासून झालं," ती म्हणाली. "गिअरबॉक्सखालच्या पट्टीचा एक बोल्ट नुसता हातानं फिरवलेला होता. त्यावर ठिपका नव्हता. बाकी सगळं पक्कं. मेकॅनिक म्हणतो, असं काम त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही." मग म्हणाली, "मी रागानं बोलले त्या दिवशी."

"बरोबर बोललीस."

"आता गाडीची काळजी कशी घ्यायची ते सांगा. हिवाळ्यात ती उभी करून ठेवताना काय काय करू?"

डेल सांगू लागला: टाकी पूर्ण भर, बॅटरी काढून ठेव, चाकांखाली लाकडं घाल. कुठेही अडखळला नाही. मग कोरिन म्हणाली, मेकॅनिकलाही काही विचारायचंय, बरंच आहे.

डेलनं फोन कानापासून दूर केला आणि लोरेटापुढे धरला.

"तू पण ऐक," तो म्हणाला. "आणि काय बोलणं झालं ते मला संध्याकाळी पुन्हा सांग."

लोरेटानं खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली.