चिखलातले दातवाले

रिम्माचं सगळं आयुष्य रशियाच्या उत्तरेकडच्या पांढऱ्या समुद्राच्या तळाचा चिखल चाळण्यात गेलं. तिचे कृमी कुणाच्या पोटात राहणारे नव्हेत. शेपटीतल्या डिंकाने वाळूच्या कणाला चिकटून मोकळे जगणारे. डोक्याशी असलेली खाच पिशवीसारखी की वेटोळी, हे ती आधी बघे, मग तोंड, दात, नराचे काटे, आणि ज्याला त्याला आपापल्या घराण्यात बसवी. गावातल्या बायका म्हणत, "हिने जंतांची कुळं लावली, स्वतःचं लग्न तेवढं राहिलं!"

तिचा थोरला भाऊ येर्मोलाय नोव्हेंबरात कोवळ्या बर्फावरून जाळी काढायला गेला, तो परतलाच नाही. आदल्या दिवशी त्याचं बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यामुळे ग्लाफिरावहिनी ठामपणे सांगे, "अर्खांगेल्स्क शहरात कुणाच्या तरी गळ्यात पडला असेल मेला!" शिव्या घाली आणि रोज जेवताना त्याचा वाडगा मांडी. रिम्मालाही ते पळून जाणंच बरं वाटे. पळालेला माणूस कधीतरी परत येतो.

एप्रिलमध्ये समुद्रातल्या सुळक्याजवळ बर्फाला भोक पाडून तिने चिखल प्रयोगशाळेत आणला. त्याला कुजक्या अंड्यांचा वास होता. वरच्या जाड चाळणीत शिंपले आणि शेवाळ अडकतं. ते न बघता बादलीत टाकायचं, ही तिथली रीतच. कृमी खालच्या बारीक चाळणीत सापडतात.

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, मग भिंग पुसून पुन्हा लावला. एरवी तिथे दहा घराणी गुण्यागोविंदाने नांदत. आज एकच होतं, आणि त्याची नुसती वळवळ माजली होती. रुंद तोंड, आत तीन दात, त्यातला एक मोठा. हे मेलेल्या मांसावर जमणारे.

मग तिला आठवलं आणि ती एकटीच हसली. विद्यार्थ्यांना हेच दातवाले दाखवायला प्रयोगशाळेतले म्हातारे अर्सेनी पाव्लोविच दर हिवाळ्यात मेलेला कॉड मासा जाळीत बांधून तळाशी सोडत.

ते बुटांवरचा बर्फ झटकत आत आले.

"अर्सेनी पाव्लोविच, तुमच्या कॉडने घाबरवलंत की हो मला! सुळक्याशी सोडलात ना यंदा?"

"कसला कॉड? गुडघ्यांनी संप केलाय माझ्या. यंदा मी समुद्राच्या बर्फावर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

रिम्माने पुन्हा सूक्ष्मदर्शकात बघितलं. म्हातारे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सील मेला असेल गं," ते हळूच म्हणाले. "सील मरतात."

ती बादलीपाशी जाऊन बसली. फेकलेलं शेवाळ बोटांनी उलगडू लागली. आपण हे न बघता टाकलं, याचा तिला मनस्वी राग आला. शिंपल्यांखाली लोकरीचा पुंजका होता. तिने तो धुतला. निळा, कुत्र्याच्या केसांसकट पिळलेला. आपल्या लायका जातीच्या कुत्र्याचे केस घालून असे हातमोजे गावात एकटी ग्लाफिरा विणे.

वहिनीच्या घरी माशांचं सार उकळत होतं. "आलीस? बैस. तुझा तो भामटा भाऊ उन्हाळ्यात येईल बघ तोंड लपवत," म्हणत ग्लाफिराने तीन वाडगे मांडले.

रिम्माने तिसरा वाडगा उचलला. फळीवर नेऊन पालथा ठेवला.

"काय करतेस? त्याचा आहे तो!"

रिम्माने मूठ उघडली. ग्लाफिराने तो ओला पुंजका घेतला, अंगठ्याने चोळला, चुलीच्या उजेडात धरला. डाव सारात पडला.

"थंडी वाजेल म्हणून दुपदरी विणले होते गं," ती म्हणाली.