दाराबाहेरची रेंज

दार मागे आपोआप ओढलं गेलं, कुलपाचा खट्कन आवाज झाला आणि कंडक्टरबाई बाहेर राहिल्या. पायांत घरातल्या सपाता, खांद्यावर दुधाचे डाग पडलेलं फडकं, हातात फोन. नातू आत, पाळण्यात झोपलेला.

त्या लिफ्ट बघायला बाहेर आल्या होत्या. कुणाला सांगायला गेलं तर वेड्यात काढतील, पण खरं तेच होतं. उभी हयात बसमध्ये गेलेली बाई. माणसं चढायची, उतरायची, भांडायची, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायची, आणि बाई त्या सगळ्यांना पुढे सरकवत घसा बसेस्तोवर ओरडायच्या. निवृत्त झाल्यावरही शेजारपाजार त्यांना कंडक्टरबाईच म्हणायचा. सुनेचं बाळंतपण झालं, रजा संपत आली, तशा त्या मुलाकडे परदेशात आल्या. तेव्हापासून ह्या उंच इमारतीतल्या तीन खोल्या आणि पाळणा. मुलगा आणि सून सकाळी जे बाहेर पडत ते दिवेलागणीला परत. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत, बोलायला जावं तर भाषा येत नाही. म्हणून बाळ झोपलं की त्या दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. लिफ्टमधून कोण निघतंय, कोण जातंय, एवढंच बघायच्या. कुणी हसून मान हलवली की दिवस बरा जायचा. आज समोरच्या म्हातारीची पिशवी फाटून बटाटे घरंगळत गेले. ते गोळा करायला बाई चार पावलं पुढे गेल्या आणि घात झाला.

त्या दाराला किल्ली नव्हती. फोनवर कुलपाचं चित्र होतं, ते दाबलं की दार उघडायचं. मुलाने आल्याआल्या शिकवलं होतं. बाईंनी चित्र दाबलं. एक गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. त्यांचा फोन घरातल्या वायफायवरच जिवंत असायचा, बाहेर पडला की मुका. म्हातारी काहीबाही बोलली, खाणाखुणा केल्या, स्वतःचा जुना बटणांचा फोन दाखवून हात हलवले आणि खाली कुणाला तरी बोलवायला गेली.

बाईंनी फोन दाराला लावून वरपासून खालपर्यंत फिरवला. बिजागरीच्या बाजूला, अगदी फटीपाशी, वायफायच्या रेंजची एक काडी दिसली. त्या तिथेच फरशीवर बसल्या. कुलपाचं चित्र पुन्हा दाबलं, पण तेवढ्या काडीवर गोल नुसताच फिरत राहिला. सुनेच्या प्रयोगशाळेत फोन आत नेऊ देत नसत. मुलाला लावला, तो उचलेना. मग त्यांनी आवाजातच निरोप पाठवला, की मी बाहेर अडकले, बाळ आत आहे, दार उघड. निरोप जातोय की नाही कळेना. फोन जरा हलवला की काडी जायची, म्हणून मनगट भिंतीला टेकवून त्या बसून राहिल्या. ह्या फोनने सगळं जग जवळ येतं म्हणतात. त्यांना मात्र त्याने दाराच्या फटीला बांधून घातलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा नव्हता, भाचीचा होता.

ताई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, आठवडाभर दवाखान्यात होती. छाती भरली होती. रोज भाचीकडून खबर यायची आणि रोज ती थोडी वाईट असायची. ही ताई नसती तर बाई कंडक्टर झाल्याच नसत्या. घरातले सगळे नको म्हणत होते तेव्हा ताई एकटी म्हणाली होती की तू जा, पोराला मी बघते. आणि बघितलं. पहाटेची पाळी असो की रात्रीचा मुक्काम, पोरगं ताईच्या कुशीत वाढलं.

बाईंनी फोन घेतला. चित्र तुटत तुटत आलं.

"मावशी, आईला तुला बघायचंय. आज जरा शुद्धीवर आहे," भाची म्हणाली.

मग उशी दिसली, उशीवर ताई. नळी लावलेली, तोंड एवढंसं झालेलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"बसलीस कुठं अशी?"

"इथंच गं. दारात," बाई म्हणाल्या.

आणि आत बाळ रडलं.

आधी कुरकुर, मग टाहो. त्याच क्षणी पडद्यावर, ताईच्या कपाळावर, मुलाचं नाव आलं. तो फोन करत होता. हा ठेवला तरच तो घेता येणार होता. नाही घेतला तर पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, देव जाणे. आतलं रडणं चढत चाललं होतं.

"ताई, बाळ रडतंय," त्या म्हणाल्या.

"ऐकू येतंय. जा, घे त्याला."

बाईंनी ताईचा फोन कापला आणि मुलाचा घेतला. त्याने ऑफिसातूनच काहीतरी दाबलं आणि कुलूप उघडलं. बाई धावल्या. बाळ पालथं पडून रडून लाल झालं होतं. त्याला छातीशी धरून त्यांनी तसाच भाचीला फोन लावला. भाची म्हणाली, आत्ता परत गुंगीत गेलीय, जागी झाली की लावते. नंतर म्हणाली, "फोन ठेवल्यावर हसली, मावशी. म्हणाली, हिची धावपळ काही संपत नाही."

ताई पुन्हा जागी झाली नाही.

संध्याकाळी मुलगा आला तो घुश्शातच. बाहेर जाऊ नको म्हणून बजावलं होतं, बाळाला काही झालं असतं तर, असं बरंच बोलला. बाईंनी ऐकून घेतलं आणि बाटल्या उकळायला ठेवल्या. थोड्या वेळाने बातमीचा फोन आला. मुलगा खुर्चीवर मटकन बसला. ताईच्याच हातचं खाऊन तो मोठा झाला होता. मग त्याने भाचीकडून सगळं ऐकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मी फोन केला तेव्हा मावशीशी बोलत होतीस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस? मी एवढा ओरडलो."

"तू बाप आहेस त्याचा. ओरडणारच," बाई म्हणाल्या.

तो आईसाठी तिकीट बघायला बसला. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं होतं, आणि तिकडे अंत्यविधी सकाळीच उरकायचं ठरलं होतं. तो पुन्हापुन्हा बघत राहिला, तेव्हा बाईंनीच त्याला उठवलं.

सकाळी सुनेने फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि सासूबाईंसाठी स्टूल ओढलं. बाई बसल्या नाहीत. बाळाला कडेवर घेऊन उभ्याच राहिल्या. भाचीने फोन ताईच्या चेहऱ्याजवळ नेला. तिथल्या गर्दीत रेंज गेली असावी, चित्र थिजलं. ताई तशीच राहिली, शांत, नळीबिळी काही नाही.

सून काहीतरी दाबायला पुढे झाली. बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

बाळाने त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे हात लांबवला. एक बोट लागलं असतं तरी चित्र गेलं असतं. बाईंनी तो हात अलगद आपल्या मुठीत घेतला आणि धरून ठेवला.